अमेरिकेतील जुनी ‘कॅलिफोर्निया झेफर’ रेल्वेगाडी इतकी लोकप्रिय असूनही बंद का पडली?

ही गाडी २० मार्च १९४९ रोजी शिकागो ते कॅलिफोर्नियातील ओकलंड या मार्गावर सुरू झाली आणि बर्लिंग्टन, रिओ ग्रांदे व वेस्टर्न पॅसिफिक या तीन कंपन्या ती मिळून चालवत असत. वेगात ती प्रतिस्पर्धी गाड्यांच्या मागेच होती. मात्र रॉकी पर्वत आणि फेदर नदीची दरी दिवसाउजेडी ओलांडता यावी असेच तिचे वेळापत्रक आखलेले होते, आणि प्रत्येक गाडीला काचेचे घुमट असलेले पाच डबे जोडलेले असत. (मुंबई–मडगाव मार्गावरील व्हिस्टाडोम डबा पाहिलेल्यांना थोडी कल्पना येईल, पण झेफरमध्ये जिना चढून छताच्या वर बसायचे असे.) प्रवाशांची विचारपूस करणाऱ्या ‘झेफरेट’ नावाच्या, हवाई सुंदरींसारख्या सेविका हेही तिचे वैशिष्ट्य होते.

प्रवासी असूनही तोटा वाढत गेला, कारण जेट विमाने व नवे महामार्ग आले होते आणि इतक्या कर्मचाऱ्यांचा खर्च तिकिटांतून निघत नव्हता. अखेर मार्च १९७० मध्ये ती थांबली. सध्या याच नावाने धावणारी ॲमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रवासी रेल्वे कंपनीची गाडी फेदर नदीच्या दरीतून नव्हे, तर डॉनर खिंडीतून जाते.