वेब्लीला निकेल चढवू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या पश्चात .३२ बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर तुमच्या लायसनवर आलंय, जागोजागी तांबेरा धरलाय, एका बाजूची मूठ तडकलीय. बफ मारून, म्हणजे फिरत्या चाकावर घासून, निकेलचा मुलामा द्यावा, मोतिया मूठ बसवावी आणि जमलं तर नळी इंचभर आखूड करावी, असं मनात आहे. तर खर्च किती येईल?

खर्चाकडं मी येणारच नाही. निकेल करू नका. हे सांगायचा मला अधिकार आहे, कारण आमच्या घरचं वेब्ली असंच निकेल होऊन आलं आणि त्यापायी माझ्या वडिलांनी चौदा महिने जे भोगलं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचं वेब्ली आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, १९५६ साली मुंबईतल्या दुकानातून नवं कोरं घेतलं. कोल्हापुरात शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. हंगामात रात्री-अपरात्री गुऱ्हाळांवर रोख रक्कम घेऊन जावं लागे, म्हणून लायसन मिळालेलं. ३ इंची नळी, सहा गोळ्यांचं. बाजूची कळ दाबली की नळी पुढं झुकते आणि चांदणीसारखा एक्स्ट्रॅक्टर सहाही पुंगळ्या एकदम वर उचलतो. तुमच्याकडंही हेच असणार, त्यामुळं जास्त सांगत नाही.

आबा डावखुरे होते. वेब्लीची कळ असते डाव्या अंगाला, उजव्या हाताच्या अंगठ्याच्या सोयीनं. आबा ती डाव्या हाताच्या पहिल्या बोटानं मागं ओढल्यासारखी दाबायचे. त्यामुळं इतरांच्या वेब्लीवर कळीचा जो भाग झिजतो तो आमच्याकडं नव्यासारखा होता आणि दुसरीच एक कड पांढरी पडली होती. दुसरी खूण आजीची. दर खंडेनवमीला ती पाटावर तलवार, बारा बोअरची दुनळी आणि वेब्ली मांडायची आणि ओल्या हळदीकुंकवाची दोन बोटं चापाच्या वर, फ्रेमच्या सपाट जागेवर लावायची. ती पुसली जायची दसरा झाल्यावर. चाळीसेक वर्षांत त्या जागी पोलादावर दोन तांबूस ठिपके कायमचे बसले. गंजच तो, दुसरं काही नाही. पण ते ठिपके बघून मी अंधारातसुद्धा आमचं वेब्ली ओळखलं असतं.

१९९८ मध्ये आबा गेले. लायसन वडिलांच्या नावावर झालं. पुढच्याच वर्षी आमचे धाकटे काका म्हणाले, "दसऱ्याला चारचौघांत मांडायचं हत्यार असं कळकट बरं दिसत नाही. चमकवून आणतो." वडील हायस्कूलचे शिक्षक, त्यांना हत्यारातलं काही कळत नव्हतं आणि धाकट्या भावाला नाही म्हणायची सवय नव्हती. हत्यार एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेलं आणि महिन्याभरानं परत आलं. आरशासारखं. घरातल्या बायका-पोरांनी कौतुकानं बघितलं. मी हातात घेतलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कडा सगळ्या साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या. कळीवरची आबांची झीज गेली, आजीचे ठिपके गेले. फ्रेमवरची वेब्ली कंपनीची खूण, पंख असलेली गोळी, म्हणजे नुसता धुरकट डाग. बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा, म्हणजे हत्यारं तपासून पास करणाऱ्या संस्थेचा, मुकुटाचा ठसा शोधूनसुद्धा सापडेना.

त्यावर कहर म्हणजे नंबर. बफच्या चाकानं नंबराचे आकडे इतके उथळ केले, आणि उरलंसुरलं निकेलनं असं भरलं, की मधला आकडा ३ की ८ ते कुणालाच सांगता येईना.

तेव्हा लायसनचं नूतनीकरण दर तीन वर्षांनी असायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते पाच वर्षांवर गेलं. नूतनीकरणासाठी वडील हत्यार दाखवायला पोलीस ठाण्यात गेले. लायसनवरचा नंबर आणि हत्यारावरचा नंबर जुळत नाही म्हणून ते तिथंच ठेवून घेतलं. इथं तुम्हाला कायदा माहीत असायलाच हवा. शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ८ सांगतं की हत्यारावरचं नाव, नंबर किंवा ओळखखूण कुणी खोडायची, काढायची वा बदलायची नाही. आणि अशी खूण खोडलेलं हत्यार ज्याच्या ताब्यात सापडेल त्यानंच ती खोडली असं गृहीत धरलं जातं. तसं नाही हे त्यानं सिद्ध करायचं. बफ मारणारा बाजूलाच राहतो. माझे वडील, ज्यांनी आयुष्यात कुणाला छडीसुद्धा जोरात मारली नाही, ते चौदा महिने कचेरीच्या बाकांवर बसून "मी नंबर खोडला नाही" हे सांगत होते.

सुटका झाली ती आबांच्या व्यापारी सवयीमुळं. १९५६ च्या रोजकीर्दीत दुकानाचं बिल टाचून ठेवलेलं निघालं. शाई जरा फिकट झालेली, पण नंबर स्वच्छ. मधला आकडा ८.

आता तुमच्या वेब्लीकडं येतो. तांबेरा बफशिवाय जातो. आधी सिलेंडर उघडून सहाही खण रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानंही बघा. मग मुठीच्या दोन्ही पट्ट्या काढा. स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असं, जरूर पडल्यास घासून बारीक केलेलं, स्क्रू-ड्रायव्हर वापरा. वेब्लीच्या स्क्रूंची खाच अरुंद असते. घरातलं कुठलंही घालून फिरवलं की खाच फाटते आणि ती फाटलेली खाच पुढच्या शंभर वर्षांत प्रत्येकाला दिसते. वरवरचा तांबेरा असेल तर पातळ तेल लावून रात्रभर ठेवायचं आणि चार शून्याच्या (०००० नंबरच्या, अगदी बारीक) स्टील वूलनं, अजिबात जोर न लावता, पुसत राहायचं. ठशांच्या जागी तेही नको, तिथं नुसतं कापड.

तांबेरा खोल असेल तर डिस्टिल्ड पाण्यात उकळण्याची जुनी पद्धत आहे. तेलाचा अंश पूर्ण काढून लोखंडी भाग अर्धा तास उकळला की लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, आणि मऊ तारेच्या ब्रशनं वरची काळी पूड झाडली की खाली काळसर, शांत रंग उरतो. जुन्या कारागिरांचं रस्ट ब्लूइंग, म्हणजे पोलादावर निळसर-काळा थर चढवणं, ते हेच: मुद्दाम बारीक गंज चढवायचा, उकळायचा, झाडायचा, आणि हवा तो रंग येईपर्यंत पुन्हापुन्हा तेच. यात धातू जवळजवळ जात नाही. बफमध्ये जातो तो धातूच, आणि गेलेला धातू ब्रह्मदेव आला तरी परत बसवत नाही. हे उकळायचं काम मात्र लायसनधारक गनस्मिथकडून, शक्यतो तुमच्या समोर करून घ्या. आतली स्प्रिंग इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, ती काढताना निसटली तर एक तर मोडते नाही तर डोळ्यावर येते. शिवाय दुरुस्ती ही कायद्यानं परवान्याची गोष्ट आहे. घरच्या घरी तेलपाणी करा, त्यापुढं जाऊ नका.

नळी आखूड करण्याचं डोक्यातून काढून टाका. त्याच कायद्याच्या कलम ६ प्रमाणे नळी कापायलाही वेगळा परवाना लागतो. आणि समजा मिळाला, तरी ठसे असलेली, नेम धरायची पुढची साइट असलेली नळी कापून तुम्ही काय मिळवणार?

मुठीचं मात्र मनसोक्त करा. मूळ मूठ बहुतेक व्हल्कनाइटची, म्हणजे कडक केलेल्या रबराची असेल. ती उन्हानं आणि गरम पाण्यानं तपकिरी पडते, म्हणून उकळण्याच्या भांड्याजवळसुद्धा नेऊ नका. तडकलेली पट्टी टाकायची नाही, दोन्ही पट्ट्या कागदात गुंडाळून बिलाजवळ ठेवायच्या. आमच्याही मुठीचा एक कोपरा उडाला होता. मी सावंतवाडीच्या एका लाकूडकाम करणाऱ्या कारागिराकडून शिसवीच्या पट्ट्या करून घेतल्या. त्यासाठी हत्यार न्यावं लागत नाही, जुन्या पट्ट्या नमुना म्हणून दिल्या की झालं. शिसव हाताला गार लागतं, घामानं निसटत नाही, आणि त्या काळ्या तांबूस रेषा वेब्लीला शोभतात. उद्या माझ्या मुलीला नको वाटलं तर ती स्क्रू फिरवून मूळ मूठ परत लावू शकते. बदल करायचा तो असाच, उलटा फिरवता येणारा. मोतिया प्लॅस्टिक मला आवडत नाही, पण तेही निघतं, त्यामुळं त्यावर भांडणार नाही.

काकांचा एक मुद्दा तुम्हालाही कुणीतरी ऐकवेल: निकेल केलं की गंजत नाही. खोटं आहे. निकेलला बारीक छिद्रं असतात, कडेला ते सुटतं, आणि मग आपल्या पावसाची ओल खाली शिरून आतल्या आत पोलाद खाते. आमच्या सिलेंडरच्या तोंडाशी आज निकेलचे पापुद्रे उठलेत आणि त्याखाली तांबडं दिसतंय. ब्लूइंगवरचा गंज निदान पहिल्या दिवशी दिसतो. दुसरा मुद्दा, चमकलं की किंमत वाढते. तेही उलट. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य लायसनधारकाला परदेशी हत्यार आयात करणं बंद झालं, म्हणूनच जुन्या वेब्लीला एवढी मागणी आहे. घेणारा जाणकार असेल तर तो भिंग घेऊन ठसेच बघतो. दुसऱ्या महायुद्धातल्या काही .३८ वेब्लींवर कारखान्यानंच "वॉर फिनिश" असा शिक्का मारलाय, म्हणजे घाईत घासकाम राहिलं ते युद्धामुळं, एवढं सांगायला. तो खडबडीतपणासुद्धा लोक आज जपतात.

काही गोष्टी वर सांगायच्या राहिल्या. काही वेब्ली कारखान्यातूनच निकेल होऊन यायची. तुमचं तसं असेल तर निकेल काढू नका, आहे ते जपा. हत्यार दुकानात देण्यापूर्वी प्रत्येक ठशाचे आणि नंबरचे दिवसाच्या तिरप्या उजेडात फोटो काढा, आणि पावतीवर "बफ करू नये, ठशांना हात लावू नये" हे लिहूनच घ्या. कातड्याच्या म्यानात कधी ठेवू नका. कातडं ओल धरतं, गोळ्यांचं पितळसुद्धा हिरवं करतं. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं. आबा शिलाई मशीनचं तेल लावायचे तेच बरं. आचारसंहितेत जमा करावं लागलं तर आधी तेल लावून, तेलकट कापडात गुंडाळून द्या आणि पावतीवर नंबर स्वतः वाचून घ्या. आणि कळ लावल्यावर नळी हलत असेल किंवा घोडा ओढल्यावर सिलेंडर डुलत असेल, तर रंगाचा विचार नंतर. आधी गनस्मिथला दाखवा, आणि तोवर त्यात गोळी घालू नका.

आमचं निकेल उतरवून परत ब्लूइंग करावं का, हा विचार मी दोन वर्षं केला आणि सोडून दिला. खाली आबांची झीज नाही, ठिपके नाहीत, ठसे नाहीत. नुसता रंग चढवून काय करू?

काका आता ८१ वर्षांचे आहेत. आजही दसऱ्याला ते म्हणतात, "आबांनी घेतलं तेव्हा ते चमकतच होतं. मी फक्त पहिल्यासारखं केलं." वडील होते तोवर मी गप्प बसलो. काकांच्या मोबाइलवर त्यांची नात हे वाचून दाखवेल, मला माहीत आहे. काका, ते बिल माझ्या कपाटात आहे. नंबरच्या खालच्या ओळीत दुकानदाराच्या हातचं लिहिलंय, "फिनिश: ब्लू". येऊन बघा.