पिनॅकल्स आणि बाबांचे गुडघे

प्रश्न : आईबाबा पर्थला आमच्याकडे आलेत. पिनॅकल्सचे दगडी सुळके दाखवायचेत, पण बाबांचे गुडघे दुखतात. जमेल का?

उत्तर : नक्की न्या! पर्थच्या उत्तरेला साधारण २०० किलोमीटर, रस्ता छान. नांबुंग राष्ट्रीय उद्यानात सुळक्यांमधून सुमारे ४ किलोमीटरची कच्ची वाट आहे. गाडीतूनच फिरता येतं. सासूबाईंना घेऊन मी भर दुपारी पोचले, ती चूक झाली. डोळे नुसते दिपत होते. मग सर्व्हांटिस गावात थांबलो, ऊन कलल्यावर परत गेलो. पिवळ्या वाळूवर लांबच लांब सावल्या! हे सुळके चुनखडीचे, मुळात समुद्रातल्या शिंपल्यांचा चुरा, हे सांगितल्यावर कोकणात वाढलेल्या सासूबाई एका सुळक्याशेजारी कितीतरी वेळ उभ्या होत्या. अंधाराआधी मात्र निघा, रस्त्यावर कांगारू येतात.