सराईत गुन्हेगारांवरचे खटले चालवायला राज्याने वेगळा निधी का द्यावा?

तुमचा प्रश्न असा, की सरकारी वकील पगारावर असतातच, मग वारंवार गुन्हे करणाऱ्यांच्या खटल्यांसाठी तिजोरीतून आणखी पैसा कशाला? मी फौजदारी वकिली केली आहे आणि माझ्या मते तो द्यायला हवा.

घरफोडीच्या एका खटल्यात सरकारी वकील तीनदा बदलले. प्रत्येकाने फाइल पहिल्या पानापासून वाचायला घेतली आणि फिर्यादी बाईंना दर वेळी तीच हकीकत नव्याने सांगावी लागली. शेवटी त्या तारखेला यायच्याच बंद झाल्या. सराईत आरोपीला हे नेमकं ठाऊक असतं. साक्षीदार थकेपर्यंत तो तारखा मागत राहतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९७७ साली यावरच कायदा केला. तिथल्या काउंटींच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांच्या, सरकारी वकिलांना राज्याचा पैसा मिळणार, पण अटींवर. आरोपपत्र दाखल करणाऱ्या वकिलानेच शिक्षा सुनावली जाईपर्यंत उभं राहायचं, त्याच्याकडे खटले कमी ठेवायचे आणि आरोप सौम्य करून तडजोड करणं शक्यतो टाळायचं. मला यातली पहिली अट सगळ्यात मोलाची वाटते. बाई ज्याला ओळखतात तोच वकील कोर्टात दिसला, तर त्या येतात.

मोजक्याच लोकांवर एवढा खर्च का? १९४५ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात वाढलेल्या ९,९४५ मुलांचा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या फक्त ६२७ जणांच्या नावावर पाच किंवा जास्त गुन्हे होते, आणि सगळ्या नोंदींपैकी निम्म्याहून थोडे अधिक गुन्हे याच मुलांचे निघाले.

मात्र या नोंदी पोलिसांच्या होत्या, कोर्टाने सिद्ध धरलेल्या नव्हेत. पोलीस ज्या वस्तीत जास्त फिरतात तिथल्या मुलांची नावं जास्त चढतात. म्हणून ‘सराईत’ कोणाला म्हणायचं ते कायद्यातच लिहिलेलं असावं, आणि पूर्वीच्या शिक्षेला पोलिसांच्या संशयापेक्षा कितीतरी जास्त वजन असावं.

आणि बचावाचं काय? गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरवलं. सरकारी वकिलाच्या टेबलावरचा ढीग हलका करताना समोरच्या टेबलावरचा तसाच ठेवला, तर मी अशा निधीच्या बाजूने उभा राहणार नाही. तुमच्याकडे असा प्रस्ताव आला असेल, तर त्यात बचावासाठी किती रक्कम धरली आहे ते आधी बघा.