बडोद्याच्या विश्वामित्री नदीच्या कोतरात जाण्याआधी

मगरी बघायला पहिल्यांदाच जातोयस ना, मग थेट कोतरात, म्हणजे नदीकाठच्या घळीत, उतरू नकोस. काळ्या घोड्याच्या पुलावरून दुर्बिणीने काठ बघ. थंडीत ऊन चढलं की मगरी चिखलावर येऊन पडतात. जबडा उघडा दिसला म्हणजे ती चिडलीय असं नाही, अंग थंड करतेय. उन्हाळ्यात मात्र काठापासून लांबच राहा. मादी मातीत खड्डा करून अंडी घालते, पिल्लं पावसाच्या तोंडावर बाहेर येतात, तोवर ती जवळपास कुणाला फिरकू देत नाही. मांस टाकणारे हौशी भेटतील, त्यांच्या शेजारी उभाही राहू नकोस. वेड्या बाभळीचे (गुजरातीत गांडो बावळ) काटे चपलेतून आरपार जातात, बूट घाल. पावसाळ्यात वरच्या आजवा तलावाचं पाणी सोडलं की इथे आभाळ कोरडं असलं तरी नदी चढते, तेव्हा नदीलगतच्या कमाटीबाग या उद्यानातूनच बघ.