पोस्टग्रेसच्या सोर्समधली क्विकसॉर्ट बदलली, कंपाइलही झालं, पण फरक का दिसत नाही?

तुमचा प्रश्न असा: पोस्टग्रेस १७ या डेटाबेसच्या सोर्समध्ये क्यूसॉर्ट_टपल हे क्विकसॉर्टचं फंक्शन बदलून रॅडिक्स सॉर्ट (तुलना न करता गट पाडत लावणारी पद्धत) घातली, एरर एकही नाही, पण इंटिजर कॉलमवर ऑर्डर बाय चालवल्यावर त्यावरचा ब्रेकपॉइंट (डीबगरने थांबायची जागा) लागत नाही.

लागणार नाहीच. इंटिजरसाठी त्या फंक्शनला हाकच जात नाही. ट्यूपलसॉर्ट.सी मधलं ट्यूपलसॉर्ट_सॉर्ट_मेमटपल्स वाचा. पहिल्या कीचा (क्रमवारीच्या कॉलमचा) कंपॅरेटर, म्हणजे तुलनेचं फंक्शन, ओळखीचा असेल तर क्यूसॉर्ट_टपल_इंट३२, क्यूसॉर्ट_टपल_साइन्ड किंवा क्यूसॉर्ट_टपल_अनसाइन्ड चालतं. तसं नसेल आणि की एकच असेल तर क्यूसॉर्ट_एसएसयूपी, आणि काहीच जुळलं नाही तर क्यूसॉर्ट_टपल. ही सगळी सॉर्ट_टेम्प्लेट.एच या एकाच हेडरमधून मॅक्रोने तयार होतात.

हेडर बदललंत तर दुसरी अडचण. बिल्डआधीच्या कॉन्फिगर स्क्रिप्टला इनेबल-डिपेंड दिलं नसेल तर मेक हेडरमधला बदल पाहतच नाही आणि जुनी ऑब्जेक्ट फाइल तशीच जोडतो. म्हणून इनेबल-डीबग, इनेबल-कॅसर्ट (असर्ट तपासण्या चालू करणारं), इनेबल-डिपेंड हे तिन्ही द्या, सीफ्लॅग्समध्ये ओ-शून्य आणि जी-तीन (ऑप्टिमायझेशन बंद, डीबग माहिती पूर्ण) ठेवा, प्रीफिक्स होम फोल्डरमधला द्या. मेक इन्स्टॉलनंतर सर्व्हर रीस्टार्ट करा. चालू असलेला पोस्टमास्टर (सर्व्हरची मुख्य प्रोसेस) जुनाच कोड चालवत राहतो.

जीडीबी हा डीबगर पोस्टमास्टरला जोडू नका, क्वेरी त्याच्या फोर्क केलेल्या बॅकएंडमध्ये (त्या कनेक्शनच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालते. पीएसक्यूएल या क्लायंटमध्ये पीजी_बॅकएंड_पीआयडी() विचारा आणि त्या आकड्याला जोडा. मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर ही सेटिंग शून्य करा, म्हणजे सॉर्ट दुसऱ्या प्रोसेसमध्ये जाणार नाही; सिगयूएसआर१ या सिग्नलवर थांबू नको असं जीडीबीला सांगा, आणि पहिला ब्रेकपॉइंट ट्यूपलसॉर्ट_परफॉर्मसॉर्टवर लावा. परवानगी नाकारली तर लिनक्सची पीट्रेस_स्कोप सेटिंग तपासा.

आता खरा मुद्दा. "सॉर्ट म्हणजे एक फंक्शन, ते काढून दुसरं बसवलं की झालं" हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. युनिक इंडेक्स (एकच किंमत दोनदा येऊ न देणारा) बांधतानाही हीच सॉर्ट चालते, आणि डुप्लिकेट पकडण्याचं काम बीट्री या इंडेक्स-प्रकाराच्या तुलनेच्या फंक्शनातच केलेलं आहे. त्यामागचा आधार असा: तुलनेवर चालणाऱ्या कुठल्याही सॉर्टमध्ये दोन समान की कधी ना कधी एकमेकींसमोर येतातच. रॅडिक्स सॉर्ट तुलना करतच नाही! डुप्लिकेट असूनही इंडेक्स मुकाट्याने बांधला जाईल, आणि ऑर्डर बायचं आउटपुट मात्र अगदी बरोबर दिसेल. म्हणून एकाच बकेटमध्ये (गटात) समान की उरल्या की त्या तुलनेच्या फंक्शनाकडे पाठवाव्याच लागतात. दुसऱ्या कॉलमवरची क्रमवारीही त्यामुळेच टिकते. नुसता डेटम१ (पहिल्या कीची साठवलेली किंमत) पाहिलात तर नल (किंमतच नसणं) ओळखता येत नाही, तो इझनल१ मधून कळतो. साइन्ड आकड्यांचा चिन्हाचा बिट उलटवा, नाहीतर ऋण आकडे शेवटी जातील. डिसेंडिंग आणि नल्स फर्स्ट वेगळे तपासा. लूपमध्ये इंटरप्टची तपासणी ठेवा, नाहीतर मोठी क्वेरी रद्द करता येणार नाही. आणि मेक चेक चालवल्याशिवाय "चालतं" म्हणू नका.

एक राहिलं: चाचणीच्या क्वेरीत लिमिट असेल तर तुमच्या सॉर्टऐवजी टॉप-एन हीपसॉर्ट (फक्त पहिल्या काही ओळी ठेवणारी) चालू शकते. एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझमधली सॉर्ट मेथडची ओळ आधी बघा. वर्क_मेम (सॉर्टला मिळणारी मेमरी) मुळात ४ एमबी असतो, तो ओलांडला की तुमची सॉर्ट फक्त एकेका रनपुरती (मेमरीत मावणाऱ्या तुकड्यापुरती) चालते, पुढचं काम मर्जचं. डेटा आधीच क्रमाने लावलेला असेल तर जुनी क्विकसॉर्ट एका फेरीत ते ओळखून बाहेर पडते, तेव्हा चाचणीला रँडम आकडे घ्या. वेळ मोजायला वेगळा बिल्ड करा, ओ-दोनचा, कॅसर्टशिवाय.