वितळत्या प्लास्टिकची अल्ट्रासाउंड तपासणी: मुलीने कोणती शाखा घ्यावी?

महोदय,

सप्रेम नमस्कार. आपण जळगावच्या एका पाइप कारखान्यात एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून पाइप काढणारे यंत्र, चालवता, आपली कन्या इन्स्ट्रुमेंटेशन पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि बॅरलमधला, म्हणजे स्क्रू फिरतो त्या तापलेल्या नळीतला, दाणा पूर्ण वितळला की नाही हे अल्ट्रासाउंडने ओळखण्याच्या तंत्रात तिला काम करायचे आहे. त्यासाठी कोणता अभ्यासक्रम घ्यावा, असे आपण विचारले आहे.

या नावाचा स्वतंत्र अभ्यासक्रम शोधत बसू नये, कारण हे काम पॉलिमर आणि इन्स्ट्रुमेंटेशन या दोन शाखांच्या बांधावरचे आहे. बॅरलवरचे थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) मुख्यतः पोलादाच्या भिंतीचे तापमान सांगते, हे आपण रोज अनुभवत असालच. अल्ट्रासाउंडची लहर मात्र भिंत ओलांडून वितळलेल्या मालातून स्क्रूपर्यंत जाते आणि परत येते. घन पॉलिएथिलीनमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 2000 मीटर किंवा त्याहून अधिक असतो, तर वितळल्यावर तो साधारण निम्म्यावर येतो. शिवाय न वितळलेले कण लहरीला विखुरतात, त्यामुळे परतणारा प्रतिध्वनी क्षीण आणि अस्थिर होतो. खरी अडचण सेन्सरची आहे. 200 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या बॅरलला नेहमीचा पिझोइलेक्ट्रिक (विजेचे कंपनात आणि कंपनाचे विजेत रूपांतर करणारा) सेन्सर थेट चिकटवला तर तो टिकत नाही, म्हणून मध्ये धातूचा दांडा घालून त्याचे बाहेरचे टोक थंड ठेवावे लागते. कॅनडातील बुशरव्हिल येथे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत अशा दांड्यांवर बरेच काम झाले आहे.

म्हणून माझे मत असे, की कन्येने इन्स्ट्रुमेंटेशन सोडू नये. थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन त्याच शाखेची पदवी घ्यावी, संदेशप्रक्रिया (सिग्नल प्रोसेसिंग) हा विषय मनापासून करावा आणि पॉलिमरचे ज्ञान नंतर जोडावे. त्यासाठी छत्रपती संभाजीनगरचे सिपेट (प्लास्टिक तंत्रज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची संस्था), मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा ही ठिकाणे नजरेसमोर ठेवावीत. केवळ याच कामाची नोकरी लगेच मिळेल, असे आश्वासन मी देणार नाही. सुरुवात बहुधा प्रक्रिया नियंत्रण किंवा अविनाशी चाचणीच्या (वस्तू न मोडता तिच्यातले दोष तपासण्याच्या) कामातून होईल.

तूर्त व्यवस्थापनाची परवानगी मिळाली, तर सुट्टीत तिला आपल्या पाळीत यंत्रापाशी उभे राहू द्यावे. मोटरचा आवाज बदलताच माल कच्चा असल्याचे आपण ओळखत असाल, तर त्या क्षणी स्क्रूचे फेरे, मोटरचे अँपिअर आणि डायपाशी (पाइपला आकार देणाऱ्या साच्यापाशी) असलेला दाब तिला वहीत लिहून घ्यायला सांगावे.