सिनिऑरिटी नंबर आणि झोपेचा हिशोब : रिजनल पायलटांच्या नोकरीबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी रिजनल कंपनीत, म्हणजे छोट्या पल्ल्याची उड्डाणं करणाऱ्या विमान कंपनीत, छोट्या प्रॉपेलर विमानांवर काढलेल्या अकरा वर्षांबद्दल लिहिलं, त्यावर भरपूर प्रश्न आले. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून पाच निवडलेत. काही जणांनी जवळपास तेच विचारलं होतं, त्यांनी आपलं उत्तर यातच शोधावं.

प्रश्न : सर, मी २२ वर्षांचा आहे. कमर्शियल लायसन्स हातात येऊन आठ महिने झाले, २१० तास उड्डाण झालंय. एका रिजनल कंपनीकडून एटीआर या प्रॉपेलर विमानासाठी बोलावणं आलंय, पण मित्र म्हणतात थांब, एकदा प्रॉपेलरचा शिक्का बसला की जेटवर कोणी घेत नाही. काय करू?

उत्तर : मित्रा, जा. बिनधास्त जा. हा शिक्क्याचा प्रकार मी पण ऐकत मोठा झालो आणि माझ्यासोबत एटीआरवर उडणारे कितीतरी जण आज मोठ्या जेटवर आहेत. दोन पायलटांच्या कॉकपिटमधे, एअरलाइनच्या शिस्तीत, टर्बाइन इंजिनवर केलेला प्रत्येक तास पुढे मोजला जातो, घरी बसून वाट बघण्यात गेलेला एकही तास मोजला जात नाही. आठ महिने हात विमानाला लागला नाही की तो किती जड होतो ते तुला आता जाणवत असेलच.

आणि शिकायला मिळतं म्हणजे काय ते ऐक. नियम सांगतो की पॅसिंजर घेऊन उडायचं तर पायलटने मागच्या ९० दिवसांत निदान ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग केलेले हवेत. लांब पल्ल्याच्या विमानांवर महिन्यात मोजकीच उड्डाणं असतात आणि ती पण दोन-तीन-चार पायलटांत वाटली जातात, त्यामुळे काहींना हा आकडा गाठायला सिम्युलेटरमधे जावं लागतं. आमच्या रोस्टरवर (ड्युटीच्या वेळापत्रकावर) सहा सेक्टरचा, म्हणजे सहा उड्डाणांचा दिवस असायचा, तीन कॅप्टन उडवणार, तीन मी, म्हणजे ९० दिवसांची अट एका दिवसात पूर्ण. सहाव्या लँडिंगला वारा आडवा, पाऊस, रनवे आखूड, आणि तू ते करतोयस. हे कुठल्याही क्लासमधे मिळत नाही.

एटीआर ७२ साधारण ७० सीटचं विमान, वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त २५,००० फुटांपर्यंत जातं, म्हणजे जेट जसं ढगांच्या वरून निघून जातं तसं आपल्याला जाता येत नाही, ढगातूनच वाट काढायची. कॅप्टनच्या डाव्या खिडकीबाहेर एक छोटासा दांडा असतो, बर्फ धरायला लागला की तो आधी तिथे दिसतो, आम्ही रात्री दिवा लावून त्याच्याकडे बघत बसायचो. पंखांच्या कडेला रबराचे बूट असतात, ते हवेने फुगतात आणि बर्फ फुटून उडून जातो. १९९४ मधे अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ बर्फामुळे पडलं, ६८ लोक गेले, त्यानंतर हे बूट मोठे केले आणि बर्फातल्या उड्डाणाचे नियम कडक झाले. म्हणून तो दांडा कधीही हलक्यात घेऊ नकोस. अजून एक मजा म्हणजे या विमानाला शेपटीत वेगळं छोटं इंजिन नसतं, जमिनीवर उभं असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याच्या पंख्याला ब्रेक लावतात, त्याला हॉटेल मोड म्हणतात, वीज आणि हवा त्यातून मिळते. पंखा स्थिर आणि आत इंजिन घुंईं करतंय, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी वॉकअराउंड (विमानाभोवती फिरून करायची तपासणी) विसरून बघतच राहिलो होतो.

फक्त एक. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या विशिष्ट विमानाच्या ट्रेनिंगचा बाँड पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नकोस. किती वर्षांचा, आधी सोडलं तर काय आणि कंपनीनेच कमी केलं तर बाँड सुटतो का, हे तिसरं कोणी विचारत नाही, तू विचार.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा दीड वर्षापासून रिजनल विमानावर को-पायलट आहे. बाहेरून सगळे म्हणतात पायलट झाला, पण महिन्यातले निम्मे दिवस स्टँडबाय (बोलावलं की निघायचं), फोन उशाशी घेऊन झोपतो, सणावाराला कधीच घरी नाही आणि पगारही आम्हाला वाटला होता तसा नाही. यात पुढे काही आहे का?

उत्तर : ताई, आहे. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं अशीच जातात हे तुम्हाला आधी कोणी सांगायला हवं होतं.

पगाराचं आधी सांगतो. बऱ्याच कंपन्यांत पगाराचा मोठा भाग ब्लॉक तासांवर असतो, म्हणजे विमान जागेवरून हललं तिथून ते मुक्कामी जागेवर लागलं तिथपर्यंतचाच वेळ. मधल्या टर्नअराउंडमधे, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या थांब्यात, पोरगा इंधनाचे आकडे बघतोय, पावसात विमानाभोवती फिरून टायर तपासतोय, तो वेळ बऱ्याचदा त्यात धरला जात नाही. छोट्या सेक्टरवाल्यांचं इथे जास्त नुकसान होतं कारण बारा तास ड्युटी केली तरी ब्लॉक तास सहाच भरतात. यावर पायलट संघटना अनेक देशांत भांडतायत आणि मला ते भांडण शंभर टक्के रास्त वाटतं.

स्टँडबाय मात्र कायमचं नाही. रोस्टरमधे काय मिळणार, कुठला बेस (ड्युटी सुरू होते ते शहर), कुठल्या सुट्ट्या, कोणी स्टँडबाय बसायचं, बऱ्याच कंपन्यांत हे सगळं सिनिऑरिटी नंबरवर ठरतं आणि तो नंबर जॉइनिंगच्या तारखेवर. त्याच्या मागून जितके नवीन येतील तितका तो वर सरकेल. तोपर्यंत एक विनंती, तो घरी झोपलेला असताना पाहुण्यांना भेटायला उठवू नका, त्याची दुपारची झोप ही पण ड्युटीचाच भाग आहे. आणि सण तारखेलाच झाला पाहिजे असं नाही, आमच्या घरी माझी आई माझं रोस्टर बघून सण ठरवायची.

प्रश्न : चार वर्षं एकाच रिजनलमधे फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, २,६०० तास झालेत. दुसरी कंपनी जॉइनिंग बोनस देतेय आणि विमानही जेट. इथे कमांडसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला, अजून दीड वर्ष लागेल म्हणतात. बदलू का?

उत्तर : बोनस बाजूला ठेवा, तो एकदाच मिळतो. कंपनी बदलली की सिनिऑरिटी नंबर शून्यापासून. तुमचे २,६०० तास तुमच्यासोबत येतील पण चार वर्षांची रांग इथेच राहील, तिकडे काल लागलेल्या २३ वर्षांच्या पोराच्या मागे तुम्ही उभे राहणार, रात्रीची स्टँडबाय पुन्हा तुमच्याकडे. दीड वर्षात कमांड मिळत असेल तर मी थांबलो असतो, आणि मी खरंच थांबलो होतो. कॅप्टन म्हणून केलेले ५०० तास पुढच्या दारावर को-पायलटच्या २,००० तासांपेक्षा जास्त बोलतात.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती मी लपवणार नाही. नंबर कंपनीइतकाच टिकतो. मार्च २०२० मधे ब्रिटनची फ्लायबी बंद पडली, पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ट्रान्स स्टेट्स आणि कंपास या दोन रिजनल बंद झाल्या, वर्षानुवर्षांची सिनिऑरिटी असलेले कॅप्टन एका सकाळी कुठल्याच यादीत नव्हते. रिजनल कंपन्या बऱ्याचदा मोठ्या एअरलाइनसाठी करारावर उडतात, विमानावर रंग त्यांचा, तिकीट त्यांचं, पायलट आपले. करार संपला की खेळ संपला. म्हणून हे शोधा की तुमच्या कंपनीचं काम एकाच मोठ्या एअरलाइनवर अवलंबून आहे का, करार किती सालापर्यंत आहे आणि नवीन विमानं येतायत की असलेली परत जातायत. विमानं परत जात असतील तर दीड वर्षाची कमांड अडीच वर्षांवर जाते, हे मी दोनदा बघितलंय. मोठ्या कंपनीत थेट जाण्याचा लेखी करार असेल, अमेरिकन एअरलाइन्सच्या एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए या रिजनलमधे तशी सोय आहे, तर गणित वेगळं, पण लेखीच हवं, एचआरने तोंडी सांगितलेलं धरू नका.

आणि नवीन कंपनीचं जेट म्हणजे आपोआप मोठं काम असं नाही. अमेरिकेत मोठ्या एअरलाइनच्या पायलट संघटनांनी करारातच घालून घेतलंय की रिजनलकडे ७६ सीटपेक्षा मोठं विमान द्यायचं नाही. म्हणूनच तिथे एम्ब्रेअर १७५ हे छोटं जेट इतकं दिसतं. जेट आहे, पण रांग रिजनलचीच.

प्रश्न : मी फर्स्ट ऑफिसर आहे, नाव देऊ नका. मागच्या महिन्यात सलग पाच दिवस पहाटेची ड्युटी झाली, पाचव्या दिवशी मी अक्षरशः झोपेत होते तरी गेले, कारण थकले आहे असं कळवणाऱ्याला आमच्याकडे कामचुकार समजतात. माझं चुकलं का?

उत्तर : हो, चुकलं. रागावून सांगत नाहीये, मी पण ही चूक केलीय.

माझा पाचवा सेक्टर होता, संध्याकाळ, पहाटे साडेतीनला उठलेलो. कंट्रोलरने ७,००० फुटांवर उतरायला सांगितलं, मी रेडिओवर स्वच्छ आवाजात सात हजार म्हटलं, आणि हाताने ऑटोपायलटच्या उंचीच्या खिडकीत ६,००० सेट केलं. कॅप्टनने आकड्याकडे बोट दाखवून चेक्ड म्हटलं. दोघांनी ६,००० बघितलं आणि दोघांना ते ७,००० दिसलं. विमान सातच्या खाली सरकायला लागलं तेव्हा कंट्रोलरने विचारलं, तुम्ही किती उंचीवर जाताय? तो प्रश्न मला आजही रात्री आठवतो. खाली डोंगर नव्हता, दुसरं विमान नव्हतं, म्हणून मी आज हे लिहितोय. रिपोर्ट आम्ही दोघांनी त्याच रात्री भरला.

१२ फेब्रुवारी २००९ ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या रिजनलचं क्यू४०० हे प्रॉपेलर विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १ असे ५० जण गेले. वेग कमी झाल्याचा इशारा म्हणून स्टिक (विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा) थरथरली तेव्हा कॅप्टनने ती पुढे ढकलायच्या ऐवजी मागे ओढली, मुख्य कारण तपासात ते निघालं. पण त्याच तपासात हेही आलं की फर्स्ट ऑफिसर आदल्या रात्री सिएटलहून कार्गो विमानांत बसून ड्युटीला पोचली होती आणि कॅप्टन पहाटे तीनच्या सुमाराला क्रूरूमच्या कॉम्प्युटरवर लॉगिन होता. दोघांच्या कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, किती ते ठरवता आलं नाही, असं तपासणाऱ्यांनी लिहिलं. मेलेल्यांच्या घरच्यांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून तिथे कायदा बदलला, २०१३ पासून को-पायलटलाही उड्डाणाचे साधारण १,५०० तास लागायला लागले, आणि २०१४ पासून ड्युटीआधी १० तासांची विश्रांती आणि त्यात सलग ८ तास झोपेची संधी बंधनकारक झाली.

संधी हा शब्द नीट वाचा. नियम खोली देतो, वेळ देतो, झोप लागली की नाही हे फक्त तुम्हाला माहीत असतं. महिन्याला १०० तासांची मर्यादा पाळूनही माणूस पार संपलेला असू शकतो, कारण सहा छोटे सेक्टर आणि एक लांब सेक्टर यांचे तास सारखे दिसतात, पण अंगातून काढलेलं काम सारखं नसतं. पुढच्या वेळी कळवताना मला बरं वाटत नाही असं म्हणू नका, थकव्यामुळे उड्डाणाला अनफिट असं नेमक्या शब्दांत, लेखी, वेळ टाकून कळवा. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात, मागच्या पाच दिवसांचं रोस्टर, सगळं. एकदा कागद झाला की कामचुकार म्हणणं इतकं सोपं राहत नाही. आणि बोलणारे बोलतील ताई, बोलू देत.

प्रश्न : वय ३४, आयटीत नोकरी, चष्मा आहे. पायलट होण्याचा विचार उशिराचा आहे का?

उत्तर : एअरलाइनमधे ६५ पर्यंत उडता येतं, २००६ पर्यंत कॅप्टनसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा ६० होती. ट्रेनिंग आणि पहिली नोकरी मिळेपर्यंत तुम्ही ३७-३८ चे व्हाल, म्हणजे २५ पेक्षा जास्त वर्षं हातात. चष्म्याची अडचण सहसा नसते, नंबर मर्यादेत आणि चष्म्यासह नजर नीट हवी. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र प्रकरण अवघड, म्हणून फ्लाइंग स्कूलला एक रुपयाही भरण्याआधी क्लास वन मेडिकल (पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी) करून घ्या. लोक नेमकं उलटं करतात, आधी फी भरतात, मग डॉक्टरकडे जातात. उशिरा येणाऱ्याने सिनिऑरिटीत मागून सुरुवात करायची तयारी ठेवावी, तुमचा कॅप्टन तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असेल आणि त्याचं ऐकायचं असतं. मेडिकलचा निकाल आला की पुन्हा लिहा, मग स्कूल कसं निवडायचं त्यावर बोलू.